मॉर्फिन : औषध, भय आणि पाचवे शील

आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात ज्यांच्या हातची भाकरी खाऊन विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या, त्या मावशींना निवृत्तीनंतर तोंडाचा कर्करोग झाला. माजी विद्यार्थ्यांपैकी आम्ही काही जण खारदांड्यातील त्यांच्या खोलीवर भेटीस गेलो, तेव्हा रोग गालातून जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली होती, किरणोपचार झाले होते. रोग हटविणारा उपचार आता उरलेला नव्हता. बाहेर कोळीवाड्यात बोंबील वाळत घातले होते, मुलांचा गलका चालू होता, आणि आत मावशी भिंतीकडे तोंड करून, उशीची कड मुठीत आवळून पडल्या होत्या. एकेकाळी ज्यांच्या हाकेने सारे वसतिगृह जागे होई, त्यांना पाणी मागण्यासाठीही तोंड उघडवत नव्हते.

कपाटात, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, मॉर्फिनच्या गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा ठेवलेल्या होत्या. नऊ दिवसांत एकही गोळी दिलेली नव्हती. मुलाला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “ताई, आईनं आयुष्यभर पंचशील पाळलं. घरात कुणाला दारूला हात लावू दिला नाही. आता शेवटाला तिला अफू चारायची का? आणि तिला त्याची सवय लागली तर?”

आमच्यात एक परिचारिका होती. ती सवयीविषयी बोलू शकली. शीलाविषयी तिला बोलता येईना. धम्मवर्ग चालविणारे दोघे होते. ते शीलाविषयी बोलले असते, पण औषधाची त्यांना मुलाहून अधिक माहिती नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही अपुरे पडलो. स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख लिहावा अशी सूचना आली, तेव्हा आम्ही दुसरा विषय शोधला नाही. मुलाने विचारलेले दोन्ही प्रश्न आपल्या समाजातील अनेक घरांत विचारले जातात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

प्रथम औषधाविषयी. खसखशीच्या झाडाच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. तो वाळला म्हणजे अफू. मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच, राजस्थानातील चित्तोडगड व प्रतापगड आणि उत्तर प्रदेशातील काही भाग येथे सरकारी परवान्याखाली हे पीक घेतले जाते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत त्यापासून औषधी द्रव्ये काढली जातात. अफूच्या वजनात सुमारे दहावा हिस्सा मॉर्फिन असते. इ. स. १८०५ च्या सुमारास फ्रीडरिश झेर्ट्यूर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने ते प्रथम वेगळे केले आणि मॉर्फियस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिले. वेगळे केल्याचा लाभ असा की अफूत द्रव्य किती हे कोणालाच ठाऊक नसते. गोळीत ते मिलीग्रॅममध्ये ठाऊक असते. विष आणि औषध यांत फरक करणारी ही पहिली पायरी होय.

मॉर्फिन वेदनेच्या जागी काम करीत नाही. जखम तशीच राहते, गाठ तशीच राहते. मज्जारज्जूत व मेंदूत काही ग्राही स्थाने असतात. तेथे मॉर्फिन जाऊन बसले की वेदनेचा संदेश पुढे सरकण्यास अडथळा होतो. माणसाच्या शरीरात झाडाच्या चिकासाठी जागा का असावी, हे कोडे १९७० च्या दशकात उलगडले. शरीर स्वतःच तशी वेदनाशामक द्रव्ये निर्माण करते आणि ही स्थाने मुळात त्यांच्यासाठी आहेत. तीच स्थाने श्वासाची गती नियंत्रित करणाऱ्या मेंदूच्या भागात आहेत, आतड्यांत आहेत, सुखाची जाणीव देणाऱ्या केंद्रांतही आहेत. म्हणून एकच औषध वेदना शमविते, बद्धकोष्ठ करते, प्रमाणाबाहेर गेल्यास श्वास मंदावते आणि काहींना व्यसनाकडे नेते. हे चारही परिणाम एकाच मुळाचे आहेत, हे लक्षात ठेवले तर पुढचे सारे समजण्यास सोपे जाते.

या कुळात पुष्कळ औषधे येतात. खोकल्याच्या औषधातील कोडीन, पाठदुखीसाठी सर्रास लिहिले जाणारे ट्रामाडॉल, त्याहून जोरकस टॅपेंटाडॉल, त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीतून दिले जाणारे फेंटानिल, आणि व्यसनमुक्तीच्या उपचारात वापरली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन. ज्याला आपण ‘गर्द’ म्हणतो ते हेरॉईनचेच अशुद्ध रूप, आणि हेरॉईन मॉर्फिनपासूनच बनते. तेव्हा मुलाची शंका निराधार नव्हती. घराणे एकच आहे.

मुंबईचे या घराण्याशी नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि त्या व्यापारात या शहरातील मोठमोठी घराणी उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई त्या व्यापारातील अग्रणी होते. त्यांच्याच देणगीतून १८४५ साली उघडलेल्या रुग्णालयात आजही गोरगरीब उपचार घेतात. पैसा कोणत्या वाटेने आला आणि कोणत्या वाटेने गेला, याचा हिशोब इतिहासाने करावा.

आमच्या समाजाच्या आठवणीत मात्र अफू वेगळ्या रूपाने आहे. गिरणीत कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी देऊन निजवीत. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. १९२० च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या स्थितीची जी सरकारी पाहणी झाली, तिच्यात ही प्रथा ठळकपणे नोंदविली गेली. ही बाळे अशक्त राहत, कित्येक दगावत. याचा दोष आयांच्या अज्ञानावर टाकणे सोपे होते आणि तो टाकलाही गेला. पण ज्या आईला बाळंतपणाची रजा नाही, बाळ सांभाळायला घरी कोणी नाही आणि गैरहजर राहिल्यास मजुरी बुडते, तिने दहा तास काय करावे? १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला, ही गोष्ट आम्हाला बाळागोळीच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. आपल्या आज्या-पणज्यांनी अफू पाहिली ती अशी, दारिद्र्याची दाई म्हणून. तिच्याविषयीचा तिटकारा आपल्या घरांत उतरला, तो याच अनुभवातून.

पुढचा टप्पा १९८० च्या दशकाचा. मुंबई-पुण्यात गर्द पसरला आणि कोवळी मुले रस्त्यावर पडलेली दिसू लागली. केंद्र सरकारने १९८५ साली अंमली पदार्थविरोधी कडक कायदा केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, तीन गोष्टी घडल्या. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. खारदांड्यापासून फार दूर नसलेल्या वांद्र्याच्या माउंट मेरी परिसरात डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ‘शांती अवेदना सदन’ स्थापन केले. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांसाठी भारतातील ते पहिले शुश्रूषागृह. आणि जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवर पायरीपायरीने उपचार कसे करावेत याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. साध्या वेदनेला पॅरासिटामॉलसारखे औषध, त्याने न भागल्यास सौम्य अफूजन्य औषध, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन, अशा तीन पायऱ्या तिने सांगितल्या. एकाच वर्षी, एकाच राज्यात, एकाच झाडाच्या दोन बाजूंशी दोन संस्था झुंजू लागल्या. एक त्याच्या तावडीतून माणसे सोडवीत होती, दुसरी त्याच्याच साहाय्याने माणसांना वेदनेतून सोडवीत होती.

कायद्याने मात्र हा भेद पाहिला नाही. कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा आणि प्रत्येक टप्प्यावर निरनिराळे परवाने, यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातील मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि १९९७ साली तो सुमारे १८ किलोवर आला. साऱ्या जगाला औषधी अफू पुरविणाऱ्या देशात कर्करोगाचे लाखो रुग्ण विव्हळत होते. गर्द विकणाऱ्याला या कायद्याने किती आळा बसला हे वाचकांनी आपापल्या वस्तीकडे पाहून ठरवावे. रुग्णाच्या हातातील गोळी मात्र गेली. आपल्या देशात कायद्याची धार बहुधा दुबळ्याच्या बाजूने अधिक लागते, हा अनुभव येथेही आला. डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातून सुरू केलेला लढा दीर्घकाळ चालला. केरळ सरकारने २००८ साली वेदनाशामक व परिहार सेवेचे धोरण स्वीकारले, आणि २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ ठरली. अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेली वैद्यकीय संस्था ती ठेवू व देऊ शकते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिहार सेवा विभागातून, तसेच अशा मान्यताप्राप्त इतर संस्थांतून, मॉर्फिनच्या गोळ्या रुग्णाला मिळतात. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात त्या सहसा मिळत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात, चिठ्ठीसह, रुग्णासाठी त्या घरी बाळगणे हा गुन्हा नाही. पोलिसांच्या भीतीने गोळ्या फेकून दिल्याची उदाहरणे आम्ही ऐकली आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आता मुलाचा दुसरा प्रश्न आधी घेऊ. सवय लागेल का?

येथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. काही आठवड्यांनी त्याच मात्रेचा परिणाम थोडा कमी होऊ शकतो, ही सहनशक्ती. औषध एकाएकी थांबविल्यास घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी होते. हे शारीरिक अवलंबन. ते मॉर्फिन नियमित घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात येते, आणि मात्रा हळूहळू उतरविल्यास त्रासाविना जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही एकदम थांबविता येत नाहीत. त्यांना आपण व्यसन म्हणत नाही. व्यसन ही तिसरी गोष्ट. वेदना नसतानाही औषधाची ओढ, नुकसान दिसत असतानाही ते सोडता न येणे, त्यासाठी खोटे बोलणे, घर विकणे. कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनने असे व्यसन क्वचितच लागते. मावशींना गोळी मिळाली असती तर त्यांनी दुसरी मागितली असती; पण ती वेदना परत आली म्हणून. चार तासांचे औषध आठ तासांनी दिले तर कोणीही घड्याळाकडे डोळे लावून बसेल. ती ओढ व्यसनाची नव्हे, अपुऱ्या मात्रेची असते.

म्हणूनच साधी मॉर्फिनची गोळी बहुधा दर चार तासांनी, घड्याळ लावून दिली जाते. वेदना असह्य होण्याची वाट पाहिली जात नाही. मात्रा लहान आकड्यापासून सुरू करून डॉक्टर ती हळूहळू वाढवितात. मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठी जादा गोळी वेगळी सांगून ठेवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत झोप जास्त येते, कित्येकदा मळमळते, ते ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सारक औषध सोबत असलेच पाहिजे. आम्हाला भेटलेल्या एका कुटुंबाने मॉर्फिन सोडले ते व्यसनाच्या भीतीने नव्हे, तर सहा दिवस पोट साफ न झाल्यामुळे; सारक औषधाची चिठ्ठी त्यांनी ‘ते काय, पोटाचं’ म्हणून बाजूला ठेवली होती.

‘मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता शेवट’ हीही एक समजूत आहे. ती खोटी आहे. योग्य मात्रेतील मॉर्फिन मृत्यू लवकर आणीत नाही. उलट वेदना थांबल्यामुळे रुग्ण जेवतो, झोपतो, बोलतो. अपघात व मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात, भाजलेल्या रुग्णाला, अखेरच्या आजारातील धाप कमी करण्यासाठीही ते वापरतात. त्यांतील बहुतेक जण बरे होऊन घरी जातात आणि आपल्याला मॉर्फिन दिले होते हे त्यांना ठाऊकही नसते.

याचा अर्थ भय निराधार आहे, असा मुळीच नव्हे. मॉर्फिनचा खरा धोका श्वासाचा आहे. मात्रा प्रमाणाबाहेर गेली तर रुग्ण हाकेला ओ देत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंद आणि अंतराअंतराने येऊ लागतो, ओठ निळसर पडतात. अशा वेळी एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. नॅलोक्सोन नावाचा त्यावरचा उतारा तेथे असतो आणि तो लवकर मिळाल्यास प्राण वाचतो. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या यांच्यासोबत अफूजन्य औषध घेतल्यास हा धोका कितीतरी वाढतो. मूत्रपिंड नीट काम करीत नसेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठत जातात, म्हणून जुना मधुमेही असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. फेंटानिलची पट्टी कापू नये, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध भसकन शरीरात उतरते. आजोबांची गोळी तीच वेदना असलेल्या शेजाऱ्याला देऊ नये. आणि लहान मुलांच्या हाती एकही गोळी लागू नये, कारण मोठ्या माणसाला सोसणारी मात्रा बालकाचा श्वास थांबवू शकते. बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देण्यास अमेरिका व युरोपातील औषध नियंत्रकांनी मनाई केली, तीही याच कारणाने. वसतिगृहातील मुलांना खोकल्याचे औषध परस्पर पाठविणाऱ्या पालकांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

दुसरा धोका दुकानाच्या गल्ल्यावर आहे. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी मालवाहू टेम्पो चालवितो. पाठीत उसण भरली म्हणून डॉक्टरांनी त्याला पाच दिवसांसाठी ट्रामाडॉल लिहून दिले. पाच दिवसांची ती चिठ्ठी दीड वर्ष चालली. दुकानदाराने ती पुन्हा कधी पाहिलीही नाही. गोळी घेतली की पाठ दुखत नसे, थकवा जाणवत नसे, रात्रीची फेरी सहज होई. ५० मिलीग्रॅमच्या दहा-बारा गोळ्यांपर्यंत तो पोहोचला. दिवसाला ४०० मिलीग्रॅम ही प्रौढांसाठीची कमाल मर्यादा आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, हेही नाही. ती आली तेव्हा सुदैवाने तो गाडीत नव्हता, घरी होता. सध्या त्याच्यावर व्यसनमुक्तीचा उपचार चालू आहे आणि हा मजकूर त्याने वाचून संमती दिली आहे. “लिहा, पण मी नशा करायला गेलो नव्हतो, कामाला गेलो होतो, हे लिहा,” एवढेच त्याचे म्हणणे होते.

एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अंमली पदार्थविषयक कायद्याखाली आले. कोडीनयुक्त खोकल्याच्या काही मिश्रणांवर जून २०२३ मध्ये बंदी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यातील एका कारखान्यातून टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मान्यता नसलेल्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेतील बाजारांत जात असल्याचे उघड झाले आणि सरकारने त्यांच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेतली. म्हणजे एकेकाळी माळव्याची अफू ज्या किनाऱ्यावरून चीनला गेली, त्याच किनाऱ्यावरून गोळ्या आफ्रिकेला जात होत्या. भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सव्वादोन कोटींहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या अफूजन्य पदार्थाचे सेवन करतात. अमेरिकेचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. तेथे १९९० च्या दशकानंतर साध्यासुध्या दुखण्यांसाठीही ही औषधे सढळ हाताने लिहिली गेली; एका कंपनीने व्यसनाचा धोका कमी दाखवून प्रचार केल्याची कबुली २००७ साली न्यायालयात दिली; आणि २०२१ या एका वर्षात तेथे अशा पदार्थांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. तेथे औषध गरजेवाचून वाटले गेले, येथे गरज असलेल्याला नाकारले गेले. दोन्हीकडे रुग्णाला नीट विचारले गेले नाही.

आता पहिला प्रश्न, शीलाचा. आम्ही भिक्खू नाही, पंडितही नाही. धम्मग्रंथांचे साधे वाचक आहोत. त्या मर्यादेत जे आढळले ते मांडतो.

पाचवे शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे, आणि त्या शिक्षापदातच कारणही गोवलेले आहे : ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान आहे म्हणून. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचा एक संपूर्ण विभाग औषधांविषयी आहे. त्यात पिलिन्दवच्छ या भिक्खूची कथा येते. त्यांना वाताचा विकार होता. वैद्यांनी मद्य घालून तेल शिजवावयास सांगितले. भगवंतांनी अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खूंनी त्या तेलात मद्य फार घातले आणि ते पिऊन ते झिंगले. तेव्हा भगवंतांनी अनुज्ञा मागे घेतली नाही. तिला माप घातले. ज्या तेलात मद्याचा रंग, गंध वा चव जाणवत नाही असेच तेल प्यावे. मग प्रश्न निघाला, जास्त मद्य घालून आधीच शिजविलेल्या तेलाचे काय करावे? तर ते अंगाला चोळण्यासाठी वापरावे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या कथेत औषध, त्याचा गैरवापर, मात्रेचा नियम आणि उरलेल्या साठ्याची विल्हेवाट, इतके सारे आहे. अंमली औषधांच्या आजच्या नियमावलीतही याहून वेगळे काय असते, असे आमच्या परिचारिका-भगिनीने विचारले, आणि आम्हाला उत्तर सुचले नाही.

त्याच महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूला भगवंत व आनंद यांनी धुऊन-पुसून मंचकावर निजविल्याची हकिकत आहे. तेथेच सेवा करण्यास सोपा रुग्ण कोणता हेही सांगितले आहे. जो औषध घेतो. जो आपला रोग वाढला, उतरला की तसाच आहे हे सेवकाला खरे सांगतो. टाटा रुग्णालयाच्या परिहार विभागात रुग्णाला वेदना शून्य ते दहा यांपैकी किती आहे असे विचारतात, तेव्हा आम्हाला हेच आठवते. त्या यादीत वेदना सोसण्याची शक्तीही गणली आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. पण ती औषध घेण्याच्या शेजारी आहे, औषधाऐवजी नाही.

‘दुःख आहे’ हे पहिले आर्यसत्य. त्याचा अर्थ ‘दुःख सोसलेच पाहिजे’ असा आपल्या घरांत कधी, कसा शिरला कोण जाणे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आर्यसत्यांच्या निराशावादी मांडणीविषयीच प्रश्न उपस्थित केला आहे. तो ग्रंथ त्यांनी मधुमेह आणि पायांच्या वेदना सोसत पूर्ण केला. ज्याने स्वतः वेदना भोगली त्याने तिचा गौरव केला नाही, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्यावरून मनाने करून घेतलेल्या तळमळीचा. साधना दुसऱ्या बाणासाठी आहे. पण पहिला बाण रुतलेला असताना, तो बोथट करण्याचे साधन कपाटात असताना, माणसाला आनापानसती कर असे सांगणे आम्हाला क्रूर वाटते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह स्थापन करणाऱ्या डॉ. सिसली सॉन्डर्स यांनीही मरणासन्नाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी मिळून एक असते असे प्रतिपादिले. आणि त्यांनीही आरंभ केला तो घड्याळानुसार मॉर्फिन देण्यापासूनच.

शुद्धीचा प्रश्न मात्र खरा आहे. अखेरच्या क्षणी चित्त सजग असावे अशी कित्येक उपासकांची इच्छा असते. ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. मात्रा त्यानुसार बेताने ठरविता येते. वेदना दहावरून तीनवर आणून जागे राहणे ज्याला हवे, त्याला ते मिळू शकते. निर्णय रुग्णाचा असावा, मुलाचा किंवा आमचा नव्हे. मावशींना तर तोपर्यंत कोणी विचारलेच नव्हते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आधी आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना परिहार सेवेविषयी विचारावे. रोग बरा होणार नाही असे सांगितले म्हणजे उपचार संपले असे समजून घरी परतू नये. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ वहीत लिहावी. ज्यांच्या घरी व्यसनाचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी १४४४६ हा केंद्र शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी होणारा उपचार म्हणजे ‘एक नशा सोडवून दुसरी लावणे’ असे काही जण म्हणतात. तेही मॉर्फिनविषयीच्या भयाचेच भावंड आहे. मोजून दिलेल्या औषधाने माणूस कामावर परततो, हे आम्ही आमच्या टेम्पोवाल्या बंधूंच्या बाबतीत पाहत आहोत.

त्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी परिहार विभागातील डॉक्टर मावशींच्या मुलाशी दूरध्वनीवर बराच वेळ बोलल्या. धम्मवर्गाच्या गुरुजींनी पिलिन्दवच्छांची कथा त्याला वाचून दाखविली. मग मुलाने आईच्या कानाशी वाकून विचारले. तिने मान हलविली. पहिले दोन दिवस मावशी नुसत्या झोपल्या. मुलगा घाबरून तीनदा श्वास मोजून गेला. चौथ्या दिवशी त्यांनी पेज मागितली आणि ती खारट झाल्याबद्दल सुनेला सुनावले. वसतिगृहात आम्हाला ज्या स्वरात सुनावीत, तोच स्वर होता असे सून सांगते. त्यानंतर त्या सात आठवडे जगल्या. शेवटच्या आठवड्यात त्रिशरण-पंचशील ऐकताना त्यांचे ओठ हलत होते.

चौदा गोळ्या उरल्या होत्या. मुलाने त्या मोजल्या, वहीतील नोंदीशी ताडून पाहिल्या आणि पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर स्वतः परळला जाऊन परत केल्या. तेथील परिचारिकेने नोंद करून दिलेली पावती त्याने आईच्या कागदपत्रांत जपून ठेवली आहे.